स्क्रीन काळी, काम चालू

लॅपटॉपची स्क्रीन बंद कशी करायची, असं दृष्टिबाधित माणसाने विचारलं की डोळस माणसाकडून बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळतं. पहिलं, ‘तुम्हाला दिसतच नाही, मग ती चालू असली काय नि बंद असली काय!’ दुसरं, ‘काम झालं की झाकण मिटा, आपोआप बंद होईल.’ उत्तर देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण प्रश्न त्याच्या ध्यानातच आलेला नसतो. विचारणाऱ्याला काम थांबवायचं नसतं. काम चालू ठेवून फक्त स्क्रीन बंद करायची असते, आणि तीही शेजारच्यांसाठी.

समजा, देवासची एक तरुणी नोकरीच्या मुलाखतीसाठी धारला निघाली आहे. देवासहून इंदूर, इंदूरहून धार असा साधारण शंभर किलोमीटरचा रस्ता. बस गच्च भरलेली. मांडीवर लॅपटॉप, कानात इअरफोन. ती आपला अर्ज पुन्हा तपासते, मैत्रिणीला मेल लिहिते, मग बँकेतली शिल्लक बघते. यातला एक शब्दही तिच्या कानाबाहेर जात नाही. पण शेजारच्या सीटवरचे काका, मागे बसलेला कॉलेजचा मुलगा आणि मधल्या जागेत उभा असलेला कंडक्टर या तिघांनाही सगळं स्वच्छ दिसतं आहे. कुणी डोकावत असेल तर डोळस प्रवाशाला ते नजरेच्या कोपऱ्यातून कळतं. तो स्क्रीन जरा तिरकी करतो किंवा बँकेचं काम घरी गेल्यावर करू म्हणतो. हिला ते कळायला मार्ग नाही. ज्या स्क्रीनचा तिला काडीचा उपयोग नाही, तीच तिचा अर्ज, पत्र आणि शिल्लक बसभर वाटत सुटते.

हे टाळायचा उपाय लॅपटॉपमध्येच आहे आणि तो फुकट मिळतो. फक्त ‘स्क्रीन बंद’ या दोन शब्दांखाली तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी येतात, त्यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही.

स्क्रीन रीडर स्क्रीन बघत नाही

स्क्रीन काळी झाली तर स्क्रीन रीडर वाचणार काय, ही शंका अनेकांना येते. नावामुळे असा समज होतो की हे सॉफ्टवेअर स्क्रीनवरचं चित्र बघून अक्षरं ओळखत असावं. तसं ते करत नाही. प्रोग्रॅम आपल्या खिडकीत काय काय आहे याची यादी विंडोजकडे देतो: हे बटण, त्यावर ‘पाठवा’ असं लिहिलंय, ही चौकट, तिच्यात अमुक मजकूर आहे, ही टिकमार्कची जागा, सध्या रिकामी. स्क्रीन रीडर ही यादी मागून घेतो आणि तिचा आवाज किंवा ब्रेल करतो. डोळ्यांसाठी रंगवलेलं चित्र ही त्याच माहितीची दुसरी वाट. ती वाट बंद केली तरी पहिली चालूच राहते.

सुरुवातीला हे काम सोपं होतं. आयबीएमच्या जिम थॅचर यांनी १९८६ च्या सुमारास डॉससाठी स्क्रीन रीडर तयार केला. तेव्हा स्क्रीनवर नुसती अक्षरं असत आणि ती संगणकाच्या स्मृतीत ओळीने मांडलेली असत, त्यामुळे तिथून उचलून वाचता येत. चित्रं, खिडक्या आणि माऊस आल्यावर सगळं अवघड झालं आणि त्यातूनच पुढे ही यादी द्यायची पद्धत रुळली. अमेरिकेच्या टेड हेंटर या मोटरसायकल शर्यतपटूची दृष्टी १९७८ च्या एका अपघातात गेली. त्यांच्या कंपनीने ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर घडवला. तो विकत घ्यावा लागतो. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी ‘एनव्हीडीए’ लिहायला घेतला आणि जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही दृष्टिहीन. हा स्क्रीन रीडर मोफत आहे आणि त्याचा मूळ कोडही खुला आहे. आपल्याकडच्या साध्या घरातल्या मुलामुलींपर्यंत तो पोचला, यामागे हे मोफत असणं मोठं कारण आहे.

स्क्रीनवर दिसणं आणि संगणकात असणं यांतला फरक धार-देवासच्या मराठी घरांत फार लवकर कळतो. पवारांच्या राज्यांमुळे माळव्यात रुजलेल्या या घरांत बोलणं मराठी, कचेरीचा कागद हिंदी आणि संगणकाचे मेनू इंग्रजी. आता हिंदी कागद जुन्या ‘कृतिदेव’ फाँटमध्ये टाइप केलेला असेल तर काय होतं ते बघा. स्क्रीनवर ‘देवास’ हे नाव नीट देवनागरीत दिसतं. संगणकाच्या पोटात मात्र त्या जागी एन, एस, ओ, के, एल ही पाच इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. फाँट त्यांना फक्त देवनागरी रूप देतो. स्क्रीन रीडर पोटातलं वाचतो, म्हणून कानावर ‘देवास’ येत नाही, अर्थहीन इंग्रजी खडखडाट येतो. डोळस कारकुनाला कागद ठीक वाटतो, दृष्टिबाधित सहकाऱ्याला तो वाचताच येत नाही. तोच मजकूर युनिकोडमध्ये असेल तर काही अडत नाही. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ‘ईस्पीक एनजी’ या आवाजात मराठीही आहे. तो यांत्रिक वाटतो, पण हिंदी आवाजाकडून मराठी वाचून घेतलं की उच्चार जे हिंदी वळणावर जातात, त्यापेक्षा तो बरा.

बंद करण्याच्या चार तऱ्हा

पहिली तऱ्हा म्हणजे पडदा पाडणं. स्क्रीन रीडर विंडोजला सांगतो की काहीही दाखवायचं असलं तरी काळंच दाखव. कळफलक, आवाज, इंटरनेट सगळं चालू राहतं. शेजारच्याला काळी काच दिसते. प्रवासात, बँकेत, वर्गात उपयोगी पडते ती हीच तऱ्हा.

पण यात वीज वाचेलच असं नाही. बहुतेक लॅपटॉपच्या स्क्रीन एलसीडी असतात. त्यांत काचेमागे दिव्यांचा थर असतो आणि काळा रंग दाखवताना पुढचा थर तो उजेड फक्त अडवतो; मागचे दिवे जळतच राहतात. ओएलईडी स्क्रीनमध्ये प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो, म्हणून तिथे काळं म्हणजे खरोखर विझलेलं. आपली स्क्रीन एलसीडी असेल तर पडद्याच्या जोडीला ब्राइटनेसही शून्यावर आणावा, म्हणजे बॅटरीलाही दिलासा मिळतो.

दुसरी तऱ्हा ब्राइटनेस शून्य करण्याची. कळफलकावरच्या वरच्या ओळीतल्या कळांनी, किंवा विंडोज आणि ए दाबून उघडणाऱ्या पट्टीत, तो कमी करता येतो. एवढ्यावर विसंबणं मात्र धोक्याचं आहे. पुष्कळ लॅपटॉपची स्क्रीन शून्यावरही पुरती विझत नाही, आणि संध्याकाळच्या अंधाऱ्या बसमध्ये तेवढा मंद उजेड शेजारच्याला वाचायला पुरतो.

तिसरी तऱ्हा, विंडोजकडूनच डिस्प्ले बंद करवून घेण्याची. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवरचं बटण दाबल्यावर काय व्हावं हे ठरवता येतं. तिथे बऱ्याच लॅपटॉपमध्ये ‘डिस्प्ले बंद करा’ असा पर्याय असतो. यात मागचे दिवेही विझतात. अडचण अशी की कुठलीही कळ दाबली की स्क्रीन पुन्हा उजळते. डोळस माणसाला हे सोयीचं वाटतं. जो माणूस सगळं काम कळफलकावरच करतो त्याच्यासाठी ही सोय पहिल्याच अक्षराला संपते. अमुक मिनिटांनी स्क्रीन बंद होण्याच्या सेटिंगचंही तेच.

चौथी तऱ्हा टेबलावर बसून काम करणाऱ्यांसाठी उत्तम आहे. त्याच पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर ‘काहीही करू नका’ असं निवडायचं. बॅटरीवर असताना आणि चार्जर लावलेला असताना, अशी दोन्हीकडे ही निवड वेगवेगळी करावी लागते. मग झाकण मिटायचं, बाहेरचा कळफलक किंवा ब्रेल डिस्प्ले जोडायचा आणि काम सुरू. स्क्रीन खरोखर बंद, वीजही वाचते, डोकावायला काही उरतच नाही. दोन पथ्यं पाळावीत. काही लॅपटॉपची उष्णता कळफलकाच्या किंवा बिजागरीच्या बाजूने बाहेर पडते, त्यामुळे झाकण मिटून तासन्‌तास जड काम करू नये. आणि हे सेटिंग असताना नुसतं झाकण मिटून लॅपटॉप पिशवीत टाकू नये. तो आत चालूच राहतो आणि तापतो. पिशवीत ठेवण्याआधी स्लीप किंवा शटडाउन करायची सवय लावून घ्यावी.

पडदा पाडायचा कसा

एनव्हीडीएत ही सोय २०१९.३ या आवृत्तीपासून आली. तिचं नाव ‘स्क्रीन कर्टन’, आणि ती विंडोज ८ व त्यापुढच्या संगणकांवर चालते. सुरुवातीला ती सेटिंग्जमधल्या ‘व्हिजन’ या गटात होती. नव्या आवृत्त्यांत थेट कळा आहेत: एनव्हीडीएची कळ, म्हणजे इन्सर्ट किंवा ठरवली असल्यास कॅप्स लॉक, धरून ठेवायची आणि सोबत कंट्रोल व एस्केप दाबायचं.

एकदा दाबलं तर पडदा एनव्हीडीए पुन्हा सुरू होईपर्यंत राहतो. लागोपाठ दोनदा दाबलं तर आपण स्वतः काढेपर्यंत कायम राहतो. पहिल्या वेळी एक इशारा ऐकू येतो की स्क्रीन पूर्ण काळी होईल, न बघता संगणक वापरता येत असेल तरच पुढे जा. दर वेळी हा इशारा नको असेल तर त्यातच खूण काढून टाकायची जागा आहे. पडदा पडताना आणि उघडताना वेगळा आवाज वाजावा असंही ठरवता येतं. तो आवाज चालूच ठेवावा. चुकून कळा दाबल्या गेल्या तर तेवढ्याने कळतं.

जॉजमध्ये याला ‘स्क्रीन शेड’ म्हणतात: इन्सर्ट आणि स्पेसबार एकत्र दाबून सोडायचे, मग एफ ११. मॅकच्या व्हॉइसओव्हरमध्ये व्हॉइसओव्हरच्या कळांसोबत शिफ्ट आणि अंडरस्कोअर. आयफोनवर तीन बोटांनी तीनदा टकटक करायची. झूमची सोय चालू असेल तर चारदा. अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्ये त्याच्या मेनूत स्क्रीन लपवण्याचा पर्याय मिळतो. ओटीपी फोनवरच येतो, त्यामुळे फोनचा पडदा लॅपटॉपच्या पडद्याइतकाच महत्त्वाचा.

पडदा खरंच पडलाय ना, याची खात्री सुरुवातीला ओळखीच्या डोळस माणसाकडून करून घ्यावी. एकटं असाल तर ‘सीइंग एआय’ या अ‍ॅपमध्ये उजेड ओळखायची सोय आहे: फोनचा कॅमेरा स्क्रीनकडे धरला की उजेड जितका जास्त तितका सूर चढा लागतो. खोलीतला दिवा घालवून, आधी पडदा उघडा ठेवून आणि मग पाडून, दोन्ही सूर ऐकून बघावेत.

काळ्या स्क्रीनच्या अडचणी

पडदा असताना चित्रावर अवलंबून असलेली कामं होत नाहीत. स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरं एनव्हीडीएकडून ओळखून घ्यायची असतील किंवा स्क्रीनशॉट काढायचा असेल तर आधी पडदा उघडावा लागतो. सगळा मजकूर यादीतून वाचणारा स्क्रीन रीडर इथे मात्र खरोखरच स्क्रीनवरचं चित्र बघत असतो. अशा वेळी आजूबाजूला कोण आहे याचा अंदाज घेऊन पडदा उघडावा आणि काम झालं की लगेच पाडावा.

पडदा म्हणजे कॅमेरा बंद नव्हे. ऑनलाइन बैठकीत आपली स्क्रीन काळी असली तरी कॅमेरा चालू असेल तर समोरच्यांना आपण दिसत असतो. तो वेगळा तपासायचा. आणि इअरफोन न लावता स्पीकरवर काम केलं तर पडद्याचा उपयोग निम्माच. स्क्रीन झाकली तरी आवाज सगळी खोली ऐकते. एनव्हीडीएची कळ आणि एस दाबून बोलणं थांबवता किंवा बदलता येतं, हे हाताशी असू द्यावं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मदतीला धावून येणाऱ्यांकडून. कचेरीत काळी स्क्रीन बघून सहकारी म्हणतो, ‘अहो, तुमचा लॅपटॉप बंद पडलाय,’ आणि उत्तराची वाट न बघता पॉवरचं बटण दाबून धरतो. लॅपटॉप खरोखरच बंद होतो आणि तासाभराचं न साठवलेलं काम जातं. घरी आई, बाबा, धाकटा भाऊ यांच्याकडूनही हेच होतं. म्हणून पडदा वापरायला लागल्याच्या पहिल्याच दिवशी घरात आणि कचेरीत सांगून ठेवावं: स्क्रीन काळी दिसली तर हात लावू नका, मला विचारा.

थोडं दिसणाऱ्यांसाठी

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल, किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल, तरी ते अंधत्वात धरलं जातं. म्हणजे कायद्याने अंध ठरलेल्या अनेकांना उजेड, सावली, काही वेळा मोठी अक्षरंही दिसतात. त्यापलीकडे अल्पदृष्टी असलेल्यांचा वेगळा गट आहेच.

या मंडळींसाठी स्क्रीन बंद करण्याचं कारण बहुधा डोळ्यांचा त्रास हे असतं. अल्बिनिझम किंवा दृष्टिपटलाच्या काही आजारांत पांढऱ्याशुभ्र पानाचा उजेड अक्षरशः सहन होत नाही; डोळे चुरचुरतात, डोकं चढतं. त्यांनी थेट काळ्या पडद्यावर जायलाच हवं असं नाही. डावा ऑल्ट, डावा शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबलं की विंडोजचे रंग ठळक विरोधाचे होतात. मॅग्निफायर चालू असताना कंट्रोल, ऑल्ट आणि आय दाबलं की रंग उलटतात: काळ्यावर पांढरं. सकाळी मोठ्या अक्षरांत वाचायचं आणि दुपारी डोळे थकले की पडदा पाडून कानाने वाचायचं, अशी दिवसाची वाटणीही करता येते. थोडं दिसतं म्हणून शेवटचा थेंब पिळून डोळ्यांनीच वाचायचा हट्ट पुष्कळ जण धरतात. दुपारनंतर कान वापरला तर संध्याकाळी डोळ्यांत थोडी ताकद उरते.

खासगीपणा हा हक्क

देवासची देशभर ओळख आहे ती इथल्या बँक नोट प्रेसमुळे. १९७४ पासून इथे नोटा छापल्या जातात आणि छपाईची खास शाईही इथेच बनते. शंभराच्या नोटेवर बोट फिरवलं तर उठावाचा त्रिकोण लागतो, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ. कडेला तिरक्या उठावाच्या रेषा असतात. नोट वापरून मऊ झाली की खूण पुसट होते, पण विचार स्पष्ट आहे: आपल्या हातात किती पैसे आहेत हे दृष्टिबाधित माणसाला दुसऱ्याला न विचारता कळलं पाहिजे. रिझर्व्ह बँकेने २०२० च्या जानेवारीत नोट ओळखणारं ‘मणी’ हे अ‍ॅप आणलं, तेही याच विचाराने.

पैसा नोटेतून खात्यात गेला तशी ही गरजही स्क्रीनवर आली. जून २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं की चेकबुक, एटीएम, लॉकर, नेट बँकिंग यांतली कुठलीही सोय दृष्टिबाधित ग्राहकाला नाकारायची नाही. २०१२ मध्ये युनियन बँकेने अहमदाबादेत बोलकं एटीएम सुरू केलं. इअरफोन लावून ऐकताना समोरचा पडदा कोरा ठेवायची सोय बोलक्या एटीएमपैकी अनेकांत असते. एटीएम बनवणाऱ्यांना जे सुचलं, ते आपल्या लॅपटॉपवर आपण करायचं आहे.

कायदाही या बाजूला आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. ३० एप्रिल २०२५ रोजी, अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल देताना, डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं न्यायालयाने म्हटलं. हे दोन निकाल एकत्र वाचले तर अर्थ सरळ आहे. सेवा वापरता आली पाहिजे, आणि वापरताना आपला कागद चारचौघांत उघडा पडता कामा नये.

दृष्टिबाधितांना संगणक शिकवणाऱ्यांना म्हणूनच एक विनंती आहे. मेल, वर्ड, एक्सेल शिकवून झाल्यावर शेवटी उरलेल्या वेळात पडदा शिकवू नका. इअरफोन लावायला शिकवाल त्याच दिवशी पडदा पाडायलाही शिकवा. कान झाकून स्क्रीन उघडी ठेवणं म्हणजे अर्धाच खासगीपणा. आणि डोळस वाचकांनी एवढंच करावं: कुणा दृष्टिबाधित माणसाची स्क्रीन उघडी दिसली तर न वाचता ‘तुमची स्क्रीन चालू आहे’ एवढं सांगा, आणि काळी दिसली तर पॉवरच्या बटणाला हात लावू नका.